टीपकागद ते पेट्यांच्या किल्ल्या : पडद्यावरचे व्हिक्टोरिया-अल्बर्ट

१८३९च्या नोव्हेंबरची सुरुवात. लग्न ठरून दोन-अडीच आठवडे झाले होते. इंग्लंडची वीस वर्षांची राणी सरकारी कागदांवर सह्या करत होती आणि तिचा वाग्दत्त वर ओल्या शाईवर टीपकागद दाबून देत होता. व्हिक्टोरियाने हे आपल्या रोजनिशीत मोठ्या कौतुकाने नोंदवले आहे. वर्षभराने पहिली मुलगी झाली, राणी बाळंतिणीच्या खोलीत गेली आणि सरकारी कागदांच्या कुलूपबंद पेट्यांच्या किल्ल्या अल्बर्टकडे आल्या. १८४५च्या अखेरीस प्रिव्ही कौन्सिलचा चिटणीस चार्ल्स ग्रेव्हिल याने आपल्या रोजनिशीत स्पष्टच लिहिले, की पदवी राणीची असली तरी राजाचे काम अल्बर्टच करतो.

या सहा वर्षांत नवरा-बायकोत नेमके काय घडले? तिने सत्ता प्रेमाने वाटून दिली, त्याने ती हळूहळू काढून घेतली, की दोघांनी मिळून राजेपणाचे नवे रूप घडवले? इतिहासकारांचा हा वाद शंभर वर्षे चालू आहे. चित्रपट त्यात १९३०च्या दशकात उतरले, पुढे मालिकाही आल्या आणि आज बहुतेक लोकांच्या मनातली व्हिक्टोरिया ही पडद्यावरचीच आहे. म्हणून पडद्याने हा प्रश्न कसा हाताळला, हे एकदा नीट मांडून पाहायला हवे.

लग्नाआधीची राणी

व्हिक्टोरियाचा जन्म २४ मे १८१९चा. ती आठ महिन्यांची असताना वडील वारले. आई, म्हणजे डचेस ऑफ केंट, आणि आईचा कारभारी सर जॉन कॉनरॉय यांनी तिला केन्सिंग्टन राजवाड्यात कडक पहाऱ्यात वाढवले. झोपायचे आईच्याच खोलीत, जिना उतरायचा कोणाचा तरी हात धरून. २० जून १८३७ला, अठरा पूर्ण होऊन महिना होतो न होतो तोच, ती राणी झाली. तिच्या पहिल्या हुकुमांपैकी एक होता आपला पलंग आईच्या खोलीतून हलवण्याचा. बहुतेक पटकथा हा प्रसंग घेतात आणि ते योग्यच आहे. तिच्यासाठी राज्य मिळणे म्हणजे आधी स्वतःची खोली मिळणे होते.

त्यानंतरची दोन-अडीच वर्षे पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांची. ते अठ्ठावन्न वर्षांचे, विधुर, जग पाहिलेले. रोज कित्येक तास ते तिच्याजवळ बसत आणि तिला राज्यकारभार शिकवत. मे १८३९मध्ये त्यांचे सरकार डळमळले. रॉबर्ट पील यांनी सरकार बनवण्याआधी राणीच्या परिवारातल्या काही मानकरी स्त्रिया बदलण्याची मागणी केली. राणीने साफ नकार दिला आणि पील माघारी फिरले. त्याच वर्षी लेडी फ्लोरा हेस्टिंग्ज या दरबारी स्त्रीवर गरोदर असल्याचा संशय घेतला गेला. प्रत्यक्षात तिच्या पोटात गाठ होती आणि ती जुलैत वारली. राणीची लोकप्रियता घसरली.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अविवाहित राणीने आईला वेगळे ठेवणे तेव्हाच्या समाजात बसणारे नव्हते. आईच्या सोबतीतून सुटायचे तर लग्न हाच मार्ग, असे मेलबर्ननी तिला १८३९च्या वसंतात सांगितले, तेव्हा ती दचकली होती. मागणी घालण्याआधीच या लग्नाला सत्तेचा एक पदर होता. अल्बर्ट तिचा सख्खा मामेभाऊ. दोघांचे मामा-काका असलेले बेल्जियमचे राजे लिओपोल्ड कित्येक वर्षे हे स्थळ जुळवत होते. आपल्याकडच्या वाचकाला ‘पाहून ठरवलेले लग्न’ आणि ‘प्रेमविवाह’ ही विभागणी सवयीची असते. इथे मात्र घरच्यांनी जुळवलेल्या मुलावर राणी मनापासून भाळली. १५ ऑक्टोबर १८३९ला विंडसरमध्ये मागणी तिनेच घातली, कारण राज्यावर बसलेल्या स्त्रीला कोणी मागणी घालू शकत नव्हते. १० फेब्रुवारी १८४०ला लग्न झाले. शपथेतला पतीची आज्ञा पाळण्याचा शब्द तिने काढू दिला नाही.

अल्बर्टच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. पार्लमेंटने त्याचे वर्षाचे मानधन पन्नास हजारांवरून तीस हजार पौंडांवर आणले. त्याचा खासगी चिटणीस त्याच्या मर्जीविरुद्ध नेमला गेला. मधुचंद्र लांबवू या, ही त्याची विनंती राणीने राज्याच्या कामाचे कारण देऊन नाकारली. लग्नाला तीन महिने झाल्यावर त्याने एका मित्राला लिहिले, की मी नवरा आहे, पण या घराचा मालक नाही. घरजावयाचे दुःख त्याच्या वाट्याला राजवाड्यात आले.

बंदी उठली आणि पडदा उघडला

ब्रिटनमध्ये व्हिक्टोरियाला सार्वजनिक रंगभूमीवर उभे करायला १९३७पर्यंत मनाई होती. लॉरेन्स हाउसमन यांचे ‘व्हिक्टोरिया रेजिना’ हे नाटक लंडनमध्ये आधी खासगी प्रयोगापुरते झाले आणि ब्रॉडवेवर हेलन हेज यांनी ते गाजवले. राज्यारोहणाच्या शताब्दीला बंदी सैल झाली आणि त्याच वर्षी हर्बर्ट विलकॉक्स यांचा ‘व्हिक्टोरिया द ग्रेट’ आला. ॲना नीगल व्हिक्टोरिया झाल्या. व्हिएन्नात जन्मलेले आणि नाझी राजवटीपासून दूर आलेले अँटन वॉलब्रुक अल्बर्ट झाले. पुढच्याच वर्षी याच जोडीचा ‘सिक्स्टी ग्लोरियस इयर्स’ संपूर्ण रंगीत निघाला.

हे चित्रपट ज्या काळात आले तो विसरून चालणार नाही. डिसेंबर १९३६मध्ये आठव्या एडवर्डने प्रेमासाठी सिंहासन सोडले होते. प्रेम आणि कर्तव्य एका घरात नांदू शकतात, हे लोकांना पाहायचे होते आणि विलकॉक्स यांनी तेच दाखवले. कुरबुरी आहेत, रुसवे आहेत, पण शेवटी अल्बर्ट हा शहाणा सल्लागार आणि व्हिक्टोरिया ही त्याचे ऐकायला शिकलेली पत्नी. ही मांडणी थिओडोर मार्टिन यांच्या पाच खंडी अल्बर्टचरित्राशी जुळते. ते चरित्र विधवा राणीच्याच इच्छेने लिहिले गेले होते. म्हणजे पडद्यावरची पहिली प्रेमकथा मुळात राणीने स्वतः मान्य केलेली होती.

जर्मन भाषेतली वाट निराळी. एर्न्स्ट मारिश्का यांच्या १९५४च्या चित्रपटात पंधरा-सोळा वर्षांची रोमी श्नायडर व्हिक्टोरिया झाली. लग्नाच्या दडपणाला कंटाळून ती राजवाड्यातून निघते, डोव्हरच्या खाणावळीत तिची अल्बर्टशी गाठ पडते आणि दोघांना एकमेकांची खरी ओळख नसते. इतिहासाशी याचा काही संबंध नाही. दोघे १८३६मध्येच केन्सिंग्टनला भेटलेले होते. पण या कल्पित प्रसंगात पडद्याची एक सवय उघडी पडते, ती पुढेही दिसत राहते. राणीला प्रेमात पाडायचे तर आधी तिचा मुकुट उतरवायचा. मारिश्का यांनी पुढच्याच वर्षी श्नायडरलाच घेऊन ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीवरची ‘सिसी’ मालिका सुरू केली, तिथेही पहिली भेट अशाच अनोळखी मोकळ्या हवेत होते.

१९७५ची ‘एडवर्ड द सेव्हन्थ’ ही दूरचित्रवाणी मालिका मुलाच्या नजरेतून आईबाप दाखवते. तिथे अल्बर्ट हा कडक बाप अधिक आणि प्रियकर कमी. २००१ची ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ ही दोन भागांची मालिका मात्र लग्नापासून १८६१पर्यंतचा संसार सलग मांडायचा प्रयत्न करते. तिची चर्चा आता फारशी होत नाही. माझ्या मते ती व्हायला हवी, कारण बाकीचे बहुतेक जण जिथे थांबतात तिथून ती पुढे जाते.

दोन मेजे शेजारी शेजारी

२००९चा ‘द यंग व्हिक्टोरिया’ हा या विषयावरचा सर्वांत विचारपूर्वक बांधलेला चित्रपट. पटकथा ज्युलियन फेलोज यांची, दिग्दर्शन क्वेबेकचे ज्याँ-मार्क व्हॅले यांचे. एमिली ब्लंट व्हिक्टोरिया, रूपर्ट फ्रेंड अल्बर्ट. सँडी पॉवेल यांना वेशभूषेचे ऑस्कर मिळाले.

फेलोज सत्ता आणि प्रेम वेगळे ठेवत नाहीत, हे त्यांचे मोठे बळ. अल्बर्ट इंग्लंडला येतो तो तिच्या आवडीनिवडी घोकूनच. तिला कोणते संगीत आवडते, कोणत्या कादंबऱ्या आवडतात, हे त्याच्याकडून पाठ करून घेतले जाते. भेट झाल्यावर तो ती पढवलेली उत्तरे बाजूला ठेवतो आणि आपली खरी आवड सांगतो. तिथून विश्वास सुरू होतो. बुद्धिबळाच्या प्रसंगात ती म्हणते, की आपण दुसऱ्यांनी हलवायचे मोहरे झालो आहोत. तो सुचवतो, की त्यांच्यापेक्षा चांगला खेळ शिकून घे. नवरा तिच्या वतीने खेळणार की सोबत खेळणार, हा पुढचा सगळा प्रश्न या एका पटावर आलेला आहे.

लग्नानंतर भांडण होते. त्याने तिच्या परस्पर राजकारणात हात घातला, यावरून ती भडकते, राणी म्हणून त्याला खोलीतून न जाण्याचा हुकूम करते आणि तो निघून जातो. हे दृश्य काही मिनिटांचेच आहे, पण पत्नी हुकूम करते आणि नवरा तो मोडतो, यात दोघांचे पद आणि दोघांचे नाते एकाच वेळी तुटताना दिसते. मग हल्ला होतो, अल्बर्टला गोळी लागते, राणीचे मन पालटते आणि ती दोघांची लिहायची मेजे शेजारी शेजारी मांडून घेते.

इतिहासकारांचा आक्षेप नेमका इथे आहे. १० जून १८४०ला एडवर्ड ऑक्सफर्डने कॉन्स्टिट्यूशन हिलवर पिस्तूल झाडले हे खरे, पण कोणालाही इजा झाली नाही. शेजारची मेजे खरी आहेत, त्यांची ही कारणमीमांसा खरी नाही. चित्रपटाच्या बाजूने असे म्हणता येते, की गोळी हे फक्त नाट्याचे साधन आहे आणि भागीदारीचा निष्कर्ष चुकीचा नाही. विरोधी बाजू विचारते, की सत्ता वाटली गेली ती प्रत्यक्षात कशामुळे, हे झाकण्यासाठीच तर ती गोळी आली नाही ना? मला दुसऱ्या प्रश्नात अधिक वजन वाटते. अल्बर्टला संभाव्य कारभारी-राजप्रतिनिधी ठरवणारा कायदा १८४०च्या उन्हाळ्यात झाला, तो राणी गरोदर होती म्हणून. बाळंतपणात आई दगावण्याची भीती त्या काळी घरोघर होती. पेट्यांच्या किल्ल्या आल्या त्याही बाळंतपणातच. १८४० ते १८५७ या सतरा वर्षांत तिला नऊ मुले झाली. दर बाळंतपणाला काही आठवडे कारभार त्याच्याकडे आणि प्रत्येक वेळी त्यातला थोडासा त्याच्याकडेच राहिलेला. आपल्या मोठ्या मुलीला लिहिलेल्या पत्रांत व्हिक्टोरिया गरोदरपणाच्या त्रासाबद्दल आणि त्यात गेलेल्या वर्षांबद्दल इतके उघड बोलते, की आजही वाचताना थबकायला होते. पडद्यावर मात्र गोळी दाखवणे सोपे, नऊ गर्भारपणे दाखवणे अवघड.

मेलबर्नचे वय

२०१६मध्ये आयटीव्हीवर डेझी गुडविन यांची ‘व्हिक्टोरिया’ ही मालिका सुरू झाली आणि तिचे तीन हंगाम २०१९पर्यंत झाले. जेना कोलमन व्हिक्टोरिया, टॉम ह्यूज अल्बर्ट. पण पहिल्या हंगामात प्रेक्षक गुंतले ते रुफस सेवेल यांच्या मेलबर्नमध्ये. मालिकेतली राणी चेहऱ्यावर जाळी घेऊन त्यांच्या ब्रॉकेट हॉलला जाते आणि आपले मन उघड करते. पुन्हा तोच मुकुट उतरवण्याचा प्रसंग.

प्रत्यक्षातल्या दोघांत सुमारे चाळीस वर्षांचे अंतर होते. सेवेल आणि कोलमन यांच्यात ते एकोणीस वर्षांचे, २००९च्या चित्रपटात पॉल बेटनी आणि ब्लंट यांच्यात बाराच वर्षांचे. एका बाजूचे म्हणणे असे, की यामुळे वडिलांविना वाढलेल्या मुलीचे गुरूवरचे प्रेम प्रणयात बदलते आणि तिच्या राजकीय शिक्षणाचे मोल कमी होते. दुसरी बाजू रोजनिशीकडे बोट दाखवते. मेलबर्नचा उल्लेख तिथे इतक्या वेळा आणि इतक्या उमाळ्याने येतो, की त्यात कोवळ्या मुलीची ओढ नव्हतीच असे छातीठोकपणे सांगणे कठीण. ग्रेव्हिललाही तशी शंका आली होती. वादाच्या या टोकावर दोन्ही बाजूंकडे पुरावा आहे, तो वाचायचा कसा एवढाच मतभेद.

गुडविन यांचे खरे काम दुसऱ्या हंगामात दिसते. बाळंतपणानंतर मन उतरणे, कामावर परत यायची घाई, नवऱ्याने कारभार चालवलेला पाहून येणारा राग, हे त्यांनी वेळ देऊन दाखवले. त्याचबरोबर अल्बर्टच्या जन्माबद्दलचा एक संशय त्यांनी कथेत आणला, त्याला भक्कम आधार नाही. एकाच मालिकेत इतकी बारकाईची निरीक्षणे आणि इतकी सैल कल्पना शेजारी बसलेली पाहताना रुखरुख लागते.

२०१६मध्येच ‘द क्राउन’ ही मालिका आली. तिच्यातली दुसरी एलिझाबेथ पंचविसाव्या वर्षी राणी झाली आणि फिलिपपुढे अल्बर्टचाच प्रश्न उभा राहिला. मुलांना बापाचे आडनाव मिळेना, राज्याभिषेकात बायकोपुढे गुडघे टेकायचे. पीटर मॉर्गन यांनी या दुखऱ्या जागेवर पहिले दोन हंगाम उभे केले. माल्टातले दिवस, जेव्हा ती फक्त नौदल अधिकाऱ्याची बायको होती, ते इथेही सुखाचे म्हणून येतात. २०१८मध्ये निर्मात्यांनी मान्य केले, की राणी झालेल्या क्लेअर फॉय यांना फिलिप झालेल्या मॅट स्मिथ यांच्यापेक्षा कमी पैसे मिळाले होते. पडद्यामागच्या हिशेबाने पडद्यावरच्या प्रश्नाला नवी धार आली.

तीन मते

इतिहासलेखनातली मते ढोबळमानाने तीन. पहिले, मार्टिन यांच्यापासून चालत आलेले : सुखी, आदर्श संसार. दुसरे मत अल्बर्टला खरा राज्यकर्ता मानते. लिटन स्ट्रेची यांच्या १९२१च्या चरित्रात त्याच्या वरचष्म्याचे चित्र आहे आणि अलीकडे ज्युलिया बेअर्ड यांच्यासारख्या लेखिकांनी त्याची किंमत राणीने काय मोजली ते दाखवले. या मताचा आवडता पुरावा जानेवारी १८४२चा. थोरली मुलगी आजारी पडली, औषधोपचारावरून दोघांत भडका उडाला, मूल दगावले तर त्याचा दोष तुझ्या माथी, असे अल्बर्टने लिहून कळवले. राणीची लहानपणापासूनची सोबतीण बॅरोनेस लेझेन त्याच वर्षी कायमची जर्मनीला गेली. भांडणानंतर समोर न बोलता चिठ्ठ्या लिहून बायकोची समजूत घालण्याची त्याची रीत वाचताना प्रेमही दिसते आणि मास्तरकीही.

तिसरे मत जिलियन गिल यांच्या २००९च्या पुस्तकात चांगले मांडले आहे. दोघे भागीदार होते आणि प्रतिस्पर्धीही. मार्गारेट होमन्स यांनी आणखी पुढे जाऊन सुचवले, की आज्ञाधारक पत्नी म्हणून लोकांसमोर येणे हा व्हिक्टोरियाच्या राजेपणाचाच भाग होता. एकोणिसाव्या शतकात राजाची सत्ता पार्लमेंटकडे सरकत होती आणि मध्यमवर्गाला सिंहासनावर आपल्यासारखे कुटुंब पाहायचे होते. घरात तिने माघार घेतली म्हणून राजसंस्था टिकली, असा या मताचा सूर. पडद्याला हे तिसरे मत सर्वांत कमी पेलले आहे. दोन माणसांतली ओढाताण कॅमेऱ्यात येते, संस्थेचे बदलणे येत नाही.

आपल्याशी याचा एक खरा धागा आहे, तो १८५८च्या जाहीरनाम्याचा. पहिल्या मसुद्यात हिंदुस्थानातल्या धर्मांना आणि चालीरीतींना धक्का देण्याची ताकद सरकारकडे आहे, अशा अर्थाचा मजकूर होता. व्हिक्टोरियाने तो परत पाठवला. रक्तरंजित बंडानंतर एक स्त्री राज्यकर्ती कोट्यवधी लोकांशी बोलते आहे हे लक्षात ठेवून लिहा, असा तिचा आग्रह होता. या हरकतीत अल्बर्टचा वाटा किती आणि तिचा किती, हे वेगळे काढता येत नाही. ‘राणीचा जाहीरनामा’ म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्याचे दाखले दिले, तो असा एका नवरा-बायकोच्या मेजावरून आला. भायखळ्याच्या संग्रहालयाला १९७५पर्यंत दोघांचे नाव जोडून होते, त्यालाही या दृष्टीने अर्थ आहे. ‘द यंग व्हिक्टोरिया’ १८५८च्या कितीतरी आधी संपतो आणि आयटीव्हीची मालिका १८५१च्या महाप्रदर्शनापाशी थांबते.

जिथे पुरावा थांबतो

पडदा लग्नाच्या आसपासच का घुटमळतो? प्रणय विकला जातो हे उत्तर पुरेसे नाही. पुराव्याचाही दोष आहे. व्हिक्टोरियाने तेराव्या वर्षापासून मरेपर्यंत रोजनिशी लिहिली. तिच्या मागे धाकट्या मुलीने, बीट्रिसने, ती स्वतःच्या हाताने उतरवून काढली, नको वाटले ते गाळले आणि मूळ वह्या नष्ट केल्या. लॉर्ड एशर यांनी त्याआधी करून घेतलेली टंकलिखित प्रत शिल्लक राहिली, म्हणून सुरुवातीची वर्षे पूर्ण मिळतात, पण ती प्रत फेब्रुवारी १८४०मध्ये, लग्नानंतर आठवड्याभरात संपते. मागणी, लग्न, पहिले दिवस हे सगळे राणीच्या शब्दांत आहे. त्यानंतरचा संसार लेकीने चाळून दिलेला आहे. १९०७मध्ये निघालेले तिच्या पत्रांचे खंड एशर आणि ए. सी. बेन्सन या दोन पुरुषांनी संपादित केले. त्यात तिच्या आईपणाला आणि इतर स्त्रियांशी झालेल्या पत्रव्यवहाराला किती थोडी जागा मिळाली, हे इव्हॉन वॉर्ड यांनी २०१४च्या पुस्तकात दाखवले.

म्हणून खुले राहिलेले प्रश्न सगळे लग्नानंतरचे आहेत. बाळंतपणांनी झालेले सत्तांतर तिला किती खुपले आणि किती सुखावले? १८५७मध्ये तिने त्याला ‘प्रिन्स कन्सॉर्ट’ ही पदवी आपल्या अधिकारात दिली, ती ऋणाची फेड की दबावाचा शेवट? डिसेंबर १८६१मध्ये मरणाच्या दारात असलेल्या अल्बर्टने अमेरिकेला जाणाऱ्या खलित्याची भाषा मवाळ केली आणि युद्धाचा धोका टळायला मदत झाली. त्या खलित्यावर राणीचे स्वतःचे मत कितपत होते? आणि तो गेल्यावर जवळजवळ चाळीस वर्षे तिने एकटीने राज्य केले, त्याकडे पाहता आधीच्या एकवीस वर्षांत ती खरोखर किती झाकली गेली होती?

तिच्या रोजनिशीच्या उरलेल्या प्रती २०१२पासून संगणकावर वाचता येतात. अल्बर्टच्या द्विशताब्दीला, २०१९मध्ये, त्याचे कागद आणि छायाचित्रेही हजारोंच्या संख्येने खुली व्हायला लागली. आयटीव्हीची मालिका त्याच वर्षी थांबली आणि चौथा हंगाम आला नाही. १८५१ ते १८६१ हे दशक हाती घेणाऱ्या पटकथाकाराला आता गुडविन किंवा फेलोज यांच्यापेक्षा नवऱ्याच्या बाजूचे कागद अधिक मिळतील. बायकोची बाजू मात्र त्याला अजूनही बीट्रिसच्या हस्ताक्षरातूनच वाचावी लागेल.